हेक्स खेळताना चिकटून अडवू नका!

नमस्कार मंडळी! मागे एकदा राजमा आणि काबुली चणे घेऊन मी आणि माझी भाची एक खेळ खेळत होतो, त्याचा छोटा व्हिडिओ टाकला होता. तेव्हापासून कमेंटमध्ये रोज कोणीतरी विचारतंय, "ताई, हा कुठला खेळ?" याचं नाव हेक्स. आणि ज्यांनी नाव शोधून, पट काढून खेळायला सुरुवात केली, त्यांचा पुढचा प्रश्नही ठरलेला आहे: "मी दरवेळी अडवतो, तरी समोरचा पलीकडे पोचतोच कसा?" आजचा व्हिडिओ या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. नियम पटकन सांगते, कारण ते फारसे नाहीतच.

षटकोनी घरांचा पट. ११ ओळी, प्रत्येक ओळीत ११ घरं, एकूण १२१. वरची आणि खालची कड लाल खेळाडूची, डावी आणि उजवी कड पांढऱ्याची. आळीपाळीने एकेक सोंगटी रिकाम्या घरात ठेवायची. एकदा ठेवलेली सोंगटी हलत नाही, मरत नाही. ज्याच्या सोंगट्यांची सलग साखळी त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचली, तो जिंकला. झाले नियम.

पट कसा काढायचा हे मात्र सांगायला हवं, कारण षटकोन काढताना सगळ्यांचाच हात वैतागतो. षटकोन काढूच नका, विटा काढा. गवंडी भिंत रचतो तशी विटांची ओळ काढायची आणि खालची प्रत्येक ओळ अर्धी वीट उजवीकडे सरकवायची. मधली कुठलीही वीट मोजून बघा: दोन बाजूला दोन, वर दोन, खाली दोन, सहाच शेजारी. खेळाच्या दृष्टीने तो षटकोनच झाला. पूर्ण पट उजवीकडे कललेला दिसेल, तो तसाच असायला हवा. आमच्या घरचा पट तुळशीच्या लग्नाच्या पत्रिकेच्या पाठीमागे काढलाय आणि दोन वर्षं चाललाय.

एकाने विचारलंय, "चौकटीच्या वहीवर खेळलं तर चालेल का? विटा काढायचा कंटाळा येतो." नाही चालणार. चौकटीच्या वहीत एका बिंदूला चार घरं भेटतात. त्या चौघांत समोरासमोर दोन लाल, दोन पांढरे बसले की दोघंही अडकले, कोणालाच पलीकडे जाता येत नाही. विटांत किंवा षटकोनांत एका बिंदूला तीनच घरं भेटतात. तीन घरं आणि रंग दोन, म्हणजे तिथे कोंडी होऊच शकत नाही. म्हणून हेक्समध्ये बरोबरी नाही. पट पूर्ण भरला तरी दोघांपैकी एकच जण पलीकडे पोचलेला असतो. हे मी आशेने सांगत नाहीये, हे सिद्ध झालेलं आहे. डेव्हिड गेल नावाच्या गणितज्ञाने १९७९ मध्ये दाखवलं की हेक्समध्ये बरोबरी नसणं आणि गणितातला ब्राउवरचा स्थिरबिंदू सिद्धांत (थाळीवरचे सगळे बिंदू न तोडता-फाडता थाळीतच कसेही हलवले, तरी एक तरी बिंदू जागच्या जागी राहतोच), या दोन्ही गोष्टी एकमेकींतून निघतात. त्याची युक्ती मला फार आवडते. भरलेल्या पटाच्या एका कोपऱ्यातून घरांच्या मधल्या रेघांवरून चालत सुटायचं, कायम एका हाताला लाल, दुसऱ्या हाताला पांढरा ठेवून. प्रत्येक बिंदूवर पुढे जायला नेमकी एकच वाट असते. अडकता येत नाही, मागच्या वाटेला परत लागता येत नाही, त्यामुळे शेवटी दुसऱ्या कुठल्यातरी कोपऱ्यातून बाहेर पडावंच लागतं. आणि ज्या कोपऱ्यातून बाहेर पडलात त्यावरून कोण जिंकलं ते कळतं.

हा खेळ दोनदा सापडलाय. १९४२ मध्ये डेन्मार्कमध्ये पीट हाइन यांना. हाइन कवी होते, गणिताचे नादिष्ट होते, आणि चार रंगांच्या प्रश्नावर (शेजारचे दोन प्रदेश एकाच रंगाचे न होता कुठलाही नकाशा चारच रंगांत रंगवता येतो का?) विचार करताना त्यांना हे सुचलं. कोपनहेगनच्या पोलिटिकेन या वर्तमानपत्रात २६ डिसेंबर १९४२ ला हा खेळ छापून आला, तेव्हा त्याचं नाव होतं पॉलिगॉन. तो कागदावर पेन्सिलीने खेळायचे. मग १९४८ मध्ये अमेरिकेत, प्रिन्स्टनला, जॉन नॅश यांना तोच खेळ स्वतंत्रपणे सुचला. हो, तेच नॅश, ज्यांना पुढे १९९४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मघाशी सांगितलेले गेल तेव्हा तिथेच शिकत होते, त्यांनी पट तयार करून गणित विभागाच्या बसायच्या खोलीत ठेवला आणि पोरांना वेड लागलं. १९५२ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने तो 'हेक्स' नावाने विकायला आणला आणि १९५७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनच्या आपल्या सदरात त्यावर लिहिलं, तेव्हा तो जगभर गेला. त्यात गार्डनर सांगतात की प्रिन्स्टनला या खेळाला 'जॉन' असंही म्हणायचे, कारण न्हाणीघराच्या षटकोनी फरशांवर तो खेळता येत असे आणि तिकडच्या बोलीत 'जॉन' म्हणजे संडास. तुमच्याकडे जुन्या घरात षटकोनी फरशा असतील तर बघा, आयता पट आहे.

आता मुद्द्यावर येऊया. कॅमेरा पटावर घेते.

घरांना बुद्धिबळासारखीच नावं द्यायची. डावीकडून ए, बी, सी असं के पर्यंत, आणि वरून खाली १ ते ११. अगदी मधलं घर एफ ६. तिथे मी लाल ठेवते, म्हणजे राजमा. लालला खाली जायचंय. एफ ६ च्या खाली दोन घरं: उजवीकडे एफ ७, डावीकडे ई ७.

पांढऱ्याची पाळी. तुम्ही मला जे फोटो पाठवता त्यात दहापैकी नऊ जण इथे काय करतात? एफ ७ ला चणा ठेवतात. अगदी नाकासमोर, चिकटून. "अडवलं!" अडवलं नाहीत हो. बघा. लाल ई ७ ला उतरतो. पांढरा पुन्हा चिकटतो, ई ८. लाल डी ८. पांढरा डी ९, लाल सी ९. पांढरा सी १०, लाल बी १०. पांढरा बी ११. लाल ए ११. लाल खालच्या कडेला पोचला! पाच चणे खर्च केलेत, पाचही वेळा "अडवलं" म्हणालात आणि लाल एकेक ओळ खाली उतरत गेला. त्याला तुम्हीच हात धरून खाली नेलंत.

आता तोच राजमा, तीच जागा. पांढरा चणा ठेवते ई ९ ला. तीन ओळी खाली. मध्ये एवढी मोकळी जागा सोडलेली बघून भीती वाटते ना? वाटू द्या. लाल सुसाट ई ८ ला येतो. त्याच्या खाली दोनच घरं, ई ९ आणि डी ९. ई ९ वर तुमचा चणा आधीच बसलाय. तुम्ही डी ९ ठेवा. बंद. लालला आडवं वळावं लागतं. तो डी ८, तुम्ही सी ९. तो सी ८, तुम्ही बी ९. तो बी ८, तुम्ही ए ९. आणि आता पांढऱ्याची रांग बघा: ई, डी, सी, बी, ए, सगळे ९ व्या ओळीत, डाव्या कडेपर्यंत. पहिल्या डावात तुमचे पाच चणे होते आणि या डावातही पाचच. तेव्हा ते लालच्या वाटेच्या कडेला कुंपण होऊन बसले होते. आता तेच पाच चणे तुमचा अर्धा रस्ता झालेत.

लाल शहाणा असेल तर तो असा सुसाट येणार नाही, हे मला मान्य आहे. पण तो विचार करायला थांबला, वळसा घ्यायला लागला, यातच तुमचं काम झालं. चिकटून अडवलंत तर त्याला विचारच करावा लागत नाही.

मी हे इतकं ताणून का सांगते? कारण मी स्वतः हे लहानपणी शेतात शिकले आणि हेक्समध्ये वापरायला मला कित्येक महिने लागले. कराडजवळ आजोळी आमचं शेत आहे. सुट्टीत आजोबांबरोबर दारं धरायला जायचे मी. एकदा पाट फुटला आणि पाणी उताराने खळ्याकडे निघालं. खळ्यावर शाळू पसरलेला. मी धावत जाऊन पाण्याच्या तोंडाशी ओंजळ-ओंजळ माती टाकायला लागले. पाणी मातीला लागायचं, जरा थबकायचं आणि डावीकडून नाहीतर उजवीकडून पुढे सरकायचं. मी पुन्हा तोंडाशी, ते पुन्हा पुढे. आजोबा माझ्या बाजूने निघून गेले, पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. दहा पावलं खाली जाऊन त्यांनी खोऱ्याने एक आडवा बांध ओढला, एका टोकाला जरा वळवून. पाणी आलं, बांधाला लागलं आणि बांधाच्या कडेने मुकाट कांद्याच्या वाफ्यात गेलं. मी चिखलाने भरलेले हात घेऊन उभी. पाणी आत्ता आहे तिथे अडत नाही, ते येणार असतं तिथे अडतं. आणि बांध असा घालायचा की अडवलेलं पाणी आपल्याच कामाला येईल. ई ९ चा चणा म्हणजे तो बांध.

एक ताई लिहितात, "पण लांब ठेवलं तर मधल्या फटीतून तो निसटणार नाही का?" फार चांगला प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर म्हणजेच या खेळाचा गाभा. हेक्समध्ये काही फटी फटी नसतातच. त्यांना मी पूल म्हणते.

एफ ६ वर राजमा आहे. दुसरा राजमा ठेवते ई ८ ला, सरळ दोन ओळी खाली. दोघं एकमेकांना टेकलेले नाहीत. मध्ये दोन रिकामी घरं, ई ७ आणि एफ ७. पांढऱ्याने ई ७ घेतलं तर लाल एफ ७ घेतो. एफ ७ घेतलं तर ई ७. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. म्हणजे ते जोडलेलेच आहेत, सोंगटी न ठेवता. कडेचंही तसंच. राजमा डी १० ला असेल तर त्याच्या खाली सी ११ आणि डी ११ अशी दोन घरं आहेत. एक गेलं की दुसरं आपलं.

आता हे बघा, माझं सगळ्यात आवडतं चित्र. पाच राजमे: एच २, जी ४, एफ ६, ई ८, डी १०. बस. एकही दुसऱ्याला टेकलेला नाही. ११ ओळींच्या पटावर पाच सोंगट्या आणि लाल जिंकलेला आहे. चार पूल मध्ये, दोन कडांना दोन, प्रत्येकाच्या दोन घरांची जोडी वेगळी, कुठलंही घर दोन जोड्यांत येत नाही. घरी मांडा आणि समोरच्याला सांगा, तोड कुठून तोडायचं ते. फक्त एक लक्षात ठेवा: समोरच्याने जोडीतलं एक घर घेतलं तरच दुसरं घ्यायचं. उगीच आपणहून पूल भरत बसू नका. जोडलेलंच आहे, त्यात सोंगटी घालणं म्हणजे पाळी वाया घालवणं. माझी भाची पहिले काही दिवस हेच करायची. पूल दिसला की तिला तो भरल्याशिवाय चैन पडायचं नाही.

म्हणून परत तेच, आता तिसऱ्या बाजूने. चिकटून अडवलेली सोंगटी पुलाला कधीच अडवू शकत नाही. पुलाच्या एका घरात शिरलात की दुसरं त्याचं. शिरून तुम्हाला काय मिळालं? काही नाही, उलट त्याचा पूल पक्का झाला. अडवायचं असेल तर त्याचा पुढचा पूल जिथे पडणार, त्याच्याही पलीकडे जाऊन बसायला हवं. आणि तिथे बसताना तुमची सोंगटी तुमच्या बाकीच्या सोंगट्यांशी पुलाने जोडली जाईल का, हे बघायला हवं. हेक्समध्ये बचाव आणि चढाई असे दोन वेगळे खेळ नाहीतच. बरोबरी नाही ना? मग त्याला पूर्ण अडवणं आणि स्वतः पलीकडे पोचणं ही एकच गोष्ट आहे. जो चणा फक्त अडवतो आणि जोडत नाही, तो नीट अडवतही नाही.

क्लॉड शॅनन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, माहितीशास्त्राचा पाया घालणारे. त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हेक्स खेळणारं विजेचं यंत्र बनवलं होतं. विद्युत रोधांचं जाळं, एका खेळाडूच्या सोंगट्या एक दाब देणार, दुसऱ्याच्या दुसरा. संपूर्ण पटावर दाब कसा पसरलाय ते बघून यंत्र एक खिंडीसारखी जागा निवडायचं आणि तिथे खेळायचं. सोंगटीला चिकटलेलं घर वगैरे त्याला ठाऊकच नव्हतं. पूर्ण पटाच्या उतारावरून पाणी कुठून जाईल, एवढंच ते बघायचं. आजोबांसारखं.

आता त्या कमेंटबद्दल, जी मला जरा लागली. एकाने लिहिलंय, "पहिला खेळणाराच जिंकतो हे सिद्ध झालंय, मग कशाला खेळायचं?" अर्धी गोष्ट खरी आहे. नॅश यांनीच ते दाखवलं. समजा दुसऱ्याकडे हमखास जिंकायची रीत आहे. मग पहिल्याने एक सोंगटी कुठेही ठेवायची आणि तीच रीत आपण वापरायची. पटावर जास्तीची आपली सोंगटी कधीच नडत नाही. म्हणजे दोघंही हमखास जिंकतात, आणि हे तर शक्य नाही. बरोबरी नाहीच, म्हणून जिंकायची रीत पहिल्याकडेच असणार. सुंदर आहे की नाही! पण ती रीत कोणती, हे यातून कळत नाही. रीत आहे एवढंच कळतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात यावर वर्षानुवर्षं काम चाललंय आणि ९ बाय ९ च्या पटावर प्रत्येक पहिल्या खेळीचा निकाल संगणकाने काढलाय. ११ बाय ११ चा पूर्ण उलगडा झालेला नाही. तेव्हा "सुटलेला खेळ आहे" असं म्हणून कोणाचा उत्साह मोडू नका. विशेषतः शाळेतल्या मुलांचा. त्या कमेंटखाली एका मुलाने "अच्छा, मग राहू दे" असं लिहिलं होतं. बाळा, तू हे बघत असशील तर राहू देऊ नकोस, पट काढ.

आणि पहिल्याचा फायदा मोडायला अदलाबदलीचा नियम आहे. घरात एकच हापूस आणि भावंडं दोन असली की आई काय सांगते? एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. तसंच इथे. पहिल्याने एक सोंगटी ठेवायची. ती बघून दुसऱ्याने ठरवायचं: खेळ पुढे चालवायचा, की बाजू बदलून ती सोंगटी आपली करून घ्यायची. मग पहिला कशाला मधोमध ठेवेल? ठेवली की गेलीच! तो कुठेतरी कडेच्या आसपास, ना फार चांगली ना फार वाईट अशी जागा शोधतो. हा नियम न वापरता खेळून "पहिलाच जिंकतो" म्हणणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आधी अदलाबदल लावून दहा डाव खेळा. बोर्ड गेम अरेना, लिटल गोलेम अशा ठिकाणी ऑनलाइन खेळायला मिळतो. पण सुरुवात घरात, समोरासमोर बसून करा.

शिडीबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणजे कडेला समांतर दोघंही एकमेकांना ढकलत जातात तो प्रकार. मघाशी ९ व्या ओळीत जे झालं ते त्याच जातीचं होतं. त्याला वेगळा व्हिडिओ लागेल, तो करणार आहे.

तोवर हा डाव मांडून ठेवा. लाल एफ ६, पांढरा ई ९, बाकी पट रिकामा, पाळी लालची. ई ८ ला जायचं नाही, ते का हे तुम्हाला आता ठाऊक आहे. भाची म्हणते, डावीकडे डी ७ ला पूल टाकायचा. मी म्हणते, उजवीकडे जी ७ ला. कालपासून आमचं यावर एकमत नाही, जेवतानाही वाद चालू होता. तुम्ही दोन्ही खेळून बघा आणि पुढे काय झालं ते फोटोसकट लिहा. भाची प्रत्येक कमेंट वाचणार आहे, तिने तसं वहीत लिहून ठेवलंय.